दोनशे रुपयांचे पाच स्टार

लिफ्टमध्ये एखादं अवघड बोलणं निघालं की पळता येत नाही. टॉवरमध्ये राहण्याचा हा एक तोटा.

गेल्या महिन्यातली गोष्ट. आम्ही घोडबंदर रोडला, कासारवडवलीत राहतो. रविवारी सकाळी दूध घेऊन वर येत होतो, तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकू लिफ्टमध्ये. काकू म्हणजे शाळेतून रिटायर झालेल्या गाण्याच्या बाई. आता घरी क्लास घेतात, कॉम्प्लेक्समधली आठ-दहा पोरं जातात. मला बघून म्हणाल्या, "अरे, तुझ्याकडे आहे ना तो काळा स्पीकर, तोच घेतला मी. साडेतीन हजाराला. मुलगा म्हणाला, आधी लोकांचे रिव्ह्यू वाच. वाचायला गेले तर वरतीच तुझं नाव! म्हटलं आता दुसऱ्या कोणाचं कशाला वाचू. तू या सगळ्यातला जाणकार."

मी विचारलं, "मग, कसा वाटतोय?"

काकू जरा थांबल्या. "चांगलाच असेल रे. माझंच काहीतरी होतंय. तानपुरा लावला की नुसता घुमतो. पोरांना सा सापडत नाही आणि मला कळत नाही की पोरं चुकतायत की मी. पुढच्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन येते."

तिसरा मजला आला, काकू उतरल्या. मी चौदाव्या मजल्यापर्यंत दुधाची पिशवी धरून नुसता उभा. कारण काकूंच्या कानांना काही झालेलं नाही, हे मला माहीत होतं. आणि तो रिव्ह्यू मी का लिहिला होता, हेही फक्त मलाच माहीत होतं.

तेच आज सगळ्यांसमोर सांगतो.

तो स्पीकर मी दिवाळीत घेतला. खोक्यात मॅन्युअलच्या खाली एक छोटं रंगीत कार्ड होतं. पाच स्टार द्या, चार ओळी लिहा, स्क्रीनशॉट या नंबरवर पाठवा, २०० रुपये थेट खात्यात. मी स्पीकर किचनच्या ओट्यावर ठेवला, दोन सिनेमाची गाणी लावली. बाहेर घोडबंदरचे ट्रक चालूच होते. पंधरा मिनिटांत लिहून टाकलं, "आवाज एकदम कडक, बेस दमदार, या किमतीत दुसरा पर्यायच नाही." २०० रुपये दुसऱ्या दिवशी आले. त्याची आम्ही मिसळ खाल्ली. बायकोला सांगितलं तेव्हा आम्ही दोघंही हसलो होतो.

मला हे चूक वाटलंच नव्हतं. मी कोणाला फसवतोय असंही वाटलं नाही. स्पीकर वाईट नव्हता, स्वयंपाक करताना ऐकायला छानच होता. पण मी ते लिहिलं नाही ना! "किचनमध्ये, ट्रकच्या आवाजात, सिनेमाच्या गाण्यांना छान" असं लिहिलं असतं तर काकूंनी तो घेतलाच नसता.

आता हे मला जास्त का लागलं ते सांगतो. त्यासाठी बाबांबद्दल सांगावं लागेल.

बाबा वागळे इस्टेटमध्ये एका छोट्या कारखान्यात ट्रान्सफॉर्मर वाइंडिंगच्या कामाला होते. आवाजाचं वेड. पगार बेताचा, पण 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' दर महिन्याला घरात यायचं. दिल्लीहून १९६९ पासून निघणारं मासिक, त्यात सर्किटच्या आकृत्या असायच्या. आणि महिन्यातून एखाद्या शनिवारी बाबा फोर्टात जायचे. फाउंटनच्या फुटपाथवर जुनी इंग्रजी मासिकं मिळायची, 'स्टिरिओफाइल', 'व्हॉट हाय-फाय', 'हाय-फाय न्यूज'. सहा-सहा महिने जुने अंक. त्यातली उपकरणं इथे मिळायची नाहीत आणि मिळाली तरी परवडायची नाहीत. तरी बाबा ती परीक्षणं पुन्हा पुन्हा वाचायचे, शब्दकोश घेऊन. मीही त्यांच्याबरोबर वाचायला लागलो. माझं इंग्रजी त्या अंकांनी सुधारलं, शाळेनं नाही.

त्यातून एक गोष्ट कळली होती. परीक्षण लिहिणारा माणूस आधी सांगायचा की खोली केवढी होती, ॲम्प्लिफायर कुठला जोडला, कुठल्या रेकॉर्डी लावल्या, किती आठवडे ऐकलं. मग आलेख. मग मत. मत पटलं नाही तरी तुम्हाला कळायचं की या माणसानं अमुक ठिकाणी बसून अमुक ऐकलंय.

पण कागदावर छापलेलं सगळं खरं असायचं, असं मी म्हणणार नाही. जुन्या काळाची आरती ओवाळायला ही पोस्ट नाही.

'स्टिरिओफाइल'चा जन्मच बघा. जे. गॉर्डन होल्ट नावाचा माणूस अमेरिकेत एका मोठ्या ऑडिओ मासिकात काम करत होता. जाहिरातदार दुखावतील म्हणून परीक्षणं सौम्य करायची, हे त्याला सोसेना. त्यानं नोकरी सोडली आणि १९६२ साली स्वतःचं मासिक काढलं. म्हणजे जाहिरात आणि मत यांचं भांडण यूट्यूबनं आणलेलं नाही, ते साठ वर्षांहून जुनं आहे. आणि पुढे 'स्टिरिओफाइल'मध्येही जाहिराती आल्याच. अमेरिकेतच 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' १९३६ पासून निघतं. ते परीक्षणाच्या वस्तू दुकानातून स्वतः विकत घेतात आणि जाहिराती छापत नाहीत. हे जमतं ते वाचक वर्गणी भरतात म्हणून. आपण किती जण असल्या कामासाठी वर्गणी भरतो?

आपल्याकडे नव्वदच्या दशकात काय होतं ते आठवतंय? पीएमपीओ! टू-इन-वनच्या खोक्यावर मोठ्या आकड्यात "१००० वॅट पीएमपीओ". या पीएमपीओला कुठलं मान्य मापच नव्हतं. कंपनी मनाला येईल तो आकडा छापायची. आत खरा ॲम्प्लिफायर दहा-पंधरा वॅटचा. फुगवलेल्या वॅटच्या आकड्यांना आळा घालायला अमेरिकेत १९७४ सालीच नियम केला होता. आपल्याकडे वर्तमानपत्रं आणि मासिकं त्या आकड्यांच्या पानभर जाहिराती छापत राहिली. बाबांनी स्वतः एका मासिकातलं कौतुक वाचून एक डेक घेतला होता. घरी आणल्यावर कळलं की लिहिलेली वॅटेज आणि प्रत्यक्षातली यात जमीन-अस्मानाचा फरक. परत त्याच अंकात बघितलं, तर परीक्षणाच्या समोरच्या पानावर त्याच डेकची जाहिरात.

पण मग बाबांनी काय केलं? पोस्टकार्ड लिहिलं. मीटर लावून मोजलेले आकडे लिहिले आणि पाठवलं संपादकांना. मला वाटलं होतं कोण विचारतंय. दोन अंक सोडून तिसऱ्या अंकात, एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत आलं की अमुक परीक्षणातला आकडा कंपनीच्या पत्रकावरून घेतला होता, तो मोजलेला नव्हता, चूक झाली. बाबांनी ते कात्रण डेकच्या झाकणाला आतून चिकटवलं. पैसे काही परत आले नाहीत. पण त्या मासिकाला पत्ता होता, संपादकाचं नाव छापलेलं होतं आणि चूक कबूल करायला एक कोपरा होता.

नंतर मुंबईहून 'एव्ही मॅक्स' निघालं, 'व्हॉट हाय-फाय'ची भारतीय आवृत्ती आली. तोपर्यंत माझ्या हातात मोबाइल आला होता. मी हळूहळू मासिकं घेणं बंद केलं. कोणी आग्रह केला नव्हता. फुकट मिळत होतं, म्हणून.

आणि खरं सांगायचं तर ऑनलाइन परीक्षणांनी पुष्कळ चांगलंही केलं.

एक तर मासिकांनी कधी आपल्या खिशाकडे बघितलंच नाही. आठशे रुपयांच्या इअरफोनचं परीक्षण कुठल्या चकचकीत मासिकात आलं असतं? ठाणे ते सीएसएमटी लोकलमध्ये लटकून जाणाऱ्या पोराला पाच लाखांच्या स्पीकरचं वर्णन वाचून काय करायचंय? आज तो आठशेचा इअरफोन दहा जण ऐकून दाखवतात, हिंदीत, मराठीत. सिंगापूरचा क्रिनॅकल हे नाव घेतलेला एक तरुण हजारएक इअरफोन मोजून त्यांची यादी लावतो आणि जगभरचे लोक ती यादी बघून खरेदी करतात. अमीर मजिदीमेहर नावाचा अमेरिकेतला माणूस लाखो रुपयांचं मोजमाप यंत्र घरी ठेवून लोकांनी पाठवलेली उपकरणं तपासतो आणि आलेख फुकट टाकतो. कित्येक महागडी यंत्रं त्याच्या टेबलावर स्वस्त यंत्रांपुढे हरली. मासिकांनी वर्षानुवर्षं ज्यांची स्तुती केली त्यातलीही. कंपन्यांना हे झोंबतं. २०२४ च्या सुरुवातीला तर अमेरिकेतल्या एका स्पीकर कंपनीनं आलेख टाकणाऱ्या परीक्षकांना कोर्टाची भीती घातली होती.

म्हणजे कागद चांगला आणि स्क्रीन वाईट, असं काही नाहीये. काकूंच्या प्रकरणातसुद्धा मला उत्तर ऑनलाइनच मिळालं.

त्या रविवारी दुपारी मी शोधत बसलो. या स्पीकरचे खोकं उघडण्याचे व्हिडिओ ढिगानं, लाखोंनी बघितलेले. सगळ्यांत तेच शब्द, कडक, दमदार, पैसा वसूल. खाली खरेदीची लिंक. त्या लिंकवरून आपण घेतलं की टाकणाऱ्याला कमिशन. बरं, "ऐका आवाज" म्हणून ते स्पीकर वाजवून दाखवतात ते आणखी गमतीचं. त्याच्या माइकनं पकडलेला, दाबून बारीक केलेला आवाज आपण आपल्या मोबाइलवर ऐकतो. म्हणजे आपण आपला मोबाइल ऐकत असतो! त्या स्पीकरचा आवाज त्यातून कसा कळणार?

शेवटी एका परदेशी हौशी माणसाचा आलेख सापडला. फार कोणी न बघितलेला. त्यात स्पष्ट दिसत होतं की हा स्पीकर १०० हर्ट्झच्या आसपास मुद्दाम फुगवलाय. लहान स्पीकरमधून खोल बेस निघत नाही, म्हणून तिथे उंचवटा देतात, म्हणजे ऐकणाऱ्याला बेस भरपूर असल्याचा भास होतो. सिनेमाच्या गाण्यात मजा येते.

आता काकूंचा क्लास चालतो काळी चारमध्ये. काळी चारचा सा म्हणजे साधारण २०८ हर्ट्झ. तानपुऱ्याचा खर्ज त्याच्या निम्म्यावर, १०४. बरोब्बर त्या उंचवट्याच्या डोक्यावर! तानपुऱ्यात ऐकायचे असतात ते वरचे बारीक स्वर, ज्याच्या आधाराने पोरं सा लावतात. ते सगळे खर्जाच्या घुमण्याखाली गाडले जात होते. काकूंचे कान शाबूत होते, उलट फारच चांगले होते. पंधरा मिनिटांत मला जे कळलं नाही ते त्यांना रोज ऐकू येत होतं आणि त्या दोष स्वतःला देत होत्या.

कारण काय, तर माझ्या नावापुढे पाच स्टार होते.

मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो आणि सगळं सांगितलं. कार्ड, २०० रुपये, मिसळ. काकू काही बोलल्या नाहीत. आत जाऊन चहा टाकला. बाहेर येऊन एवढंच म्हणाल्या, "म्हणजे डॉक्टरांकडे जायला नको ना?" मला मान वर करवेना.

परत करायची मुदत उलटून गेली होती. मग आम्ही ठरवलं की आता ऐकूनच घ्यायचं. पुढच्या शनिवारी काकूंच्या हॉलमध्ये चार स्पीकर जमवले. काकूंचा तो काळा. सातव्या मजल्यावरच्या मुलाचे कॉम्प्युटरचे वायरवाले दोन स्पीकर. आमच्या शेजाऱ्यांचा पंधरा हजाराचा, बोलून चालू होणारा. आणि बाबांची जुनी लाकडी खोकी, त्यांच्या ॲम्प्लिफायरसकट.

मध्ये दोरी बांधून काकूंची एक साडी पडद्यासारखी टाकली, म्हणजे कुठला वाजतोय ते दिसू नये. मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप लावून चारही एकाच पातळीवर आणले. हे फार महत्त्वाचं. दोन स्पीकरमध्ये डेसिबलभराचा फरक असला तरी मोठा वाजणारा आपल्याला 'चांगला' वाटतो. दुकानात विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, तो पाहिजे त्याचा आवाज हळूच वाढवतो. ॲप काही फार अचूक नसतं, पण चौघांना एकाच तराजूत बसवायला पुरतं.

तानपुरा लावला. काकू आणि सहा पोरं पडद्यासमोर. कोणत्या आवाजावर सा पटकन लागतो, एवढंच सांगायचं. निकाल ऐका. पहिला नंबर सातव्या मजल्यावरच्या मुलाच्या कॉम्प्युटरच्या स्पीकरांचा, दोन हजारवाल्या. काकूंनी एकदाही न चुकता तेच निवडले. दुसरा पंधरा हजाराचा. बाबांची खोकी तिसरी. मला वाईट वाटलं, पण एकाच्या पडद्याचा फोम झिजून फाटलाय, तो फरफरत होता. काळा शेवटी. मग पोरांनी हट्टानं सिनेमाचं गाणं लावलं, तेव्हा त्याच पोरांनी काळ्याला पहिला नंबर दिला. पडदा होताच.

दोन्ही निकाल खरे आहेत. ज्या कामाला पाहिजे त्या कामाला तो चांगला की वाईट ते ठरतं. पाच स्टारमध्ये हे 'कशासाठी' लिहायला जागाच नाही. जुन्या मासिकातला तो कंटाळवाणा पहिला परिच्छेद, खोली केवढी, रेकॉर्ड कुठली, तो याच्यासाठी असायचा हे मला आत्ता कळलं.

काळा स्पीकर मी काकूंकडून विकत घ्यायचा ठरवलं. साडेतीन हजार काढून दिले. काकूंनी मोजले आणि म्हणाल्या, "तीन हजार सातशे दे. ते दोनशे तुझे नव्हतेच." मी दिले. तो स्पीकर आता आमच्या सिक्युरिटी केबिनमध्ये आहे. रात्रपाळीचे काका त्यावर भजनं आणि मॅचची कॉमेंट्री ऐकतात, खूश आहेत.

आता खरा मुद्दा, ज्याच्यासाठी हे एवढं लांबण लावलं.

मी माझा रिव्ह्यू बदलायला गेलो. दोन स्टार दिले आणि प्रामाणिकपणे लिहिलं की आधीचे पाच स्टार मी खोक्यातल्या कार्डाचे २०० रुपये घेऊन दिले होते, संगीत शिकणाऱ्यांनी हा घेऊ नये. दुसऱ्या दिवशी निरोप आला की तुमचं लिखाण आमच्या नियमांत बसत नाही, प्रसिद्ध करता येणार नाही. पैसे घेऊन लिहिलेलं चार महिने वरती झळकत होतं. पैसे घेतले हे कबूल केलं ते मात्र नियमात बसेना! शेवटी कार्डाचा उल्लेख गाळला तेव्हा छापलं गेलं. बाबांच्या पोस्टकार्डाला जो बारीक अक्षरांतला कोपरा मिळाला होता, तेवढाही कोपरा मला मिळाला नाही.

कायदे नाहीत असं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. नुसत्या कंपनीला नाही, शिफारस करणाऱ्यालासुद्धा. जाहिरात क्षेत्राची स्वतःची संस्था 'ॲस्की' १९८५ पासून आहे. तिनं २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी नियम काढले की पैसे घेतले असतील तर तसं लिहा. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारनं हेच अधिक स्पष्ट केलं. नुसते पैसेच नाहीत, फुकट मिळालेली वस्तू, सूट, सहल, काहीही घेतलं असेल तर तिथल्या तिथे, सोप्या शब्दांत, त्याच भाषेत सांगायचं. आणि ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्युरोनं नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आणलं. पैसे देऊन लिहून घेतलेले रिव्ह्यू छापायचे नाहीत, असं त्यात आहे. पण आणलं तेव्हा ते ऐच्छिक होतं. पाळलं तर पाळलं. सक्तीचं करण्याची चर्चा नंतर झाली. अमेरिकेनं ऑक्टोबर २०२४ पासून खोटे आणि विकत घेतलेले रिव्ह्यू यांना थेट बंदी घातली.

हे नियम बहुतेक कोणासाठी वाटतात? लाखो फॉलोअर असलेल्या माणसांसाठी. माझ्यासारख्या, चौदाव्या मजल्यावरच्या माणसाचा त्यात विचार कोण करतो? पण काकूंनी त्या लाखो फॉलोअरवाल्याचं ऐकलं नव्हतं. माझं ऐकलं. ओळखीच्या माणसाचं मत सगळ्यात जास्त चालतं आणि म्हणूनच ते सगळ्यात स्वस्तात विकत घेतात. २०० रुपयांत!

आपल्याकडे याला उत्तर होतं, अजूनही आहे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून चालू आहे. शेजारच्या कुटुंबांनी एकत्र यायचं, संघ करायचा, माल एकत्र पारखून घ्यायचा. माझी आई त्यात होती. डाळ कशी निघाली, तेल कसं निघालं, यावर महिन्याच्या बैठकीत बायका तासभर बोलायच्या. मला तेव्हा ती कटकट वाटायची. ते परीक्षणच होतं. फरक एवढाच की डाळ वाईट निघाली तर बोलणाऱ्या बाईला पुढच्या महिन्यात त्याच बैठकीत बसायचं असायचं.

आता ताजी गोष्ट. आमच्या सोसायटीच्या सांस्कृतिक समितीनं गणपतीसाठी साउंड सिस्टीम घ्यायचं काढलंय. ६० हजारांचं बजेट, मेंटेनन्स भरणाऱ्या सगळ्यांचे पैसे. गेल्या मीटिंगला एकानं मोबाइलवर साडेचार स्टारवाली दाखवली, सगळ्यांनी माना डोलावल्या, ठराव लिहायलाही घेतला. मी उभा राहिलो आणि काकूंची गोष्ट सांगितली, माझ्या २०० रुपयांसकट. थोडी कुजबुज झाली. एक जण हसून म्हणाला, "आम्हाला नाही मिळालं असलं कार्ड!" पण मग अजून दोघांनी हळूच कबूल केलं की त्यांनीही असं केलंय. एकानं मिक्सरसाठी, एकीनं मुलाच्या बॅगेसाठी. आता ठरलंय ते असं. दोन विक्रेत्यांना आमच्याच हॉलमध्ये सिस्टीम लावून दाखवायला सांगायचं. आरती, भाषण आणि पोरांचं गाणं, तिन्ही ऐकायचं. काकू परीक्षक. साडीचा पडदा त्याच देणार आहेत.

तुम्हाला तीन विनंत्या.

एक, कुठलंही परीक्षण बघताना, कागदावरचं असो की स्क्रीनवरचं, आधी विचारा की वस्तू विकत आणली की फुकट आली, आणि खाली लिंक आहे का. लिंक असली म्हणून माणूस खोटारडा होत नाही, पण त्यानं ते सांगितलं पाहिजे.

दोन, स्वतः लिहाल तेव्हा कुठे वापरलं, कशासाठी, किती दिवस, एवढं तरी लिहा. स्टार नाही दिले तरी चालतील.

तीन, तुमच्या खोक्यात असं कार्ड निघालं तर फेकू नका. फोटो काढा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करा, नंबर १९१५. मी माझ्या कार्डाचा फोटो शोधून काढला आणि केली. पुढे काय होतं ते इथेच कळवीन.

आणि तुमच्यापैकी कोणी माझ्यासारखे २०० घेतले असतील तर आज रात्री पाच मिनिटं काढून तो रिव्ह्यू बदला. तुमच्याही बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी तो वाचत असेल.

काकूंचा क्लास आता नीट चालू आहे. काल संध्याकाळी लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली तेव्हा पोरांचा सा ऐकू आला. चार जणांचा लागला होता, दोघांचा अजून नाही.